तेल किती वेळ गरम राहतं?

प्रश्न : उन्हावर तापणाऱ्या तेलाची 100 लिटरची टाकी बनवतो आहे. तेल 220 अंशांपर्यंत न्यायचं आहे. सूर्यफूल, खनिज की सिलिकॉन, कोणतं तेल उष्णता जास्त वेळ धरून ठेवेल?

उत्तर : या तिघांत तसा मोठा फरक नाही. 1 किलो तेल 1 अंशाने तापायला साधारण 2 किलोज्यूल लागतात. सूर्यफूल आणि खनिज तेल याच्याच आसपास, सिलिकॉन जरा कमी. पाण्याला मात्र 4.18 लागतात! म्हणजे एकाच टाकीत, एकाच तापमानापासून सोडलं तर तेल पाण्याच्या आधी निवतं. टाकी कितपत गरम राहणार हे बाहेरच्या आवरणावर ठरतं. हाती पैसे असतील तर महागड्या तेलात घालू नका, रॉकवूलचा (दगड वितळवून केलेली, उष्णता अडवणारी लोकर) थर वाढवा. टाकीचे पाय, पाइप आणि झाकणाची कडाही झाका. लोक नेमकं तेच विसरतात.

मग तेल कशाला? 200 अंशांवर पाणी द्रव ठेवायचं तर सुमारे 15 बार, म्हणजे हवेच्या जवळपास 15 पट दाब पेलणारी टाकी लागते. तेलाला साधी चालते. 40 ते 90 अंशांत 100 लिटर पाणी 21 मेगाज्यूलच्या आसपास साठवतं. 40 ते 220 अंशांत तेवढंच तेल साधारण 30 ते 35.

माझा कौल खनिज तेलाला, तेही उष्णता वाहून नेण्यासाठी बनवलेल्या. सूर्यफूल तेल पुन्हा पुन्हा तापलं की हवेने घट्ट, चिकट होतं आणि पाइप तुंबतात. सिलिकॉन उत्तम टिकतं, पण या तापमानाला ती चैन आहे.

तेल कमी लागावं असं वाटत असेल तर टाकीत धुऊन कडकडीत वाळवलेली खडी भरा. कॅलिफोर्नियातल्या 'सोलर वन' प्रकल्पात 1982 साली खडी-वाळूत तेल भरूनच साठा केला होता. गरम तेल वर, थंड खाली, एकाच टाकीत. वरून भरा, वरूनच काढा. मधे ढवळलं की सगळं कोमट.

टाकी काठोकाठ भरू नका. 200 अंशांनी तापलं की 100 लिटर तेल साधारण 14 लिटरने फुगतं. पहिल्यांदा तापवताना 100 अंशांच्या आसपास थांबत थांबत जा, नाहीतर तेलात राहिलेल्या ओलीची वाफ होऊन फेस उसळतो. तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो अंश, विकणाऱ्याकडून लेखी घ्या. तो 220 च्या बराच वर नसेल तर ते तेल परत करा.