दाढ आणि खाडा

मी दातांची डॉक्टर. गेल्या खेपेला या सदरात माझ्याकडे आलेल्या एका बाईंबद्दल लिहिलं होतं. त्या चार घरची धुणीभांडी करतात. दाढ वाचवायची तर रूट कॅनालसाठी चार फेऱ्या, म्हणजे चार खाडे. काढून टाकली तर एकच. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "काढाच, मॅडम." दात जातात त्याला गरिबीही कारण असते, असं मी म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही ओळखीच्या सुरातली, काही रागावलेली. रागावलेल्यापासूनच सुरुवात करते.

"आमचे आजोबा कोकणात कोळशाची पूड आणि मीठ लावून दात घासायचे. ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खात. पैसा त्यांच्याकडेही नव्हता. दात किडायला गरिबी कारण कशी? दोन वेळा दात घासायला शिस्त लागते, पैसे नाही."
– निवृत्त शिक्षक, विलेपार्ले

सर, आजोबांचे दात टिकले ते कोळशामुळे नव्हे. कोळशाने दातांवरचं कवच झिजतंच. आजोबा खात काय होते ते आठवा. नाचणीची भाकरी, भात, मासळी, कुळथाची पिठी. साखर डब्यात असायची ती पाहुणे आले की निघणारी. दात किडवणारे जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. साखरेचं काही तोंडात गेलं की पुढचा अर्धा तास तरी दात त्या आम्लात असतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे.

आता आजच्या मुंबईत या. खिशात दहा रुपये आहेत, भूक लागलीय, दोन तासांनी पुढचं काम आहे. त्या दहा रुपयांत काय मिळतं? गोड बिस्किटांचा पुडा, क्रीमरोल, कटिंग. सफरचंद मिळत नाही. शहरात सगळ्यात स्वस्तात भूक मारणारी वस्तू गोड असते आणि दिवसातून चारपाच वेळा खावी लागते.

शिस्तीबद्दलही सांगते. ब्रिटनमध्ये 1967 पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल नावाचा. संशोधक मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्यातले सगळे नोकरदार, पगारी, कोणी उपाशी नव्हता. तरीही हुद्दा जसजसा खाली, तसतसे हृदयविकाराचे मृत्यू जास्त. मधली प्रत्येक पायरी दिसत होती. दातांचीही अशीच उतरंड देशोदेशी सापडते. एकाच कचेरीतल्या साहेब, कारकून आणि शिपायाची तोंडं मी तपासली आहेत. तिघेही सकाळी ब्रश करतात. पण साहेबांचा दात ठणकायच्या आधी कळतो, कारकुनाचा ठणकल्यावर, आणि शिपायाचा गाल सुजल्यावर. शिपाई बेशिस्त असता तर रोज पहाटे पावणेपाचची लोकल कशी पकडली असती?

"मी मानखुर्दला राहते, एका मॉलमध्ये हाउसकीपिंगला आहे. मुलगा पाच वर्षांचा. वरचे समोरचे चार दात काळे पडून झिजलेत, आता दाढही दुखते. एका दवाखान्यात गेले तर डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, आईचं लक्ष नाही. दुधाचे दात पडणारच आहेत ना, मग खर्च कशाला करायचा?"

ताई, आधी त्या बोलण्याबद्दल. वरचे समोरचे चारच दात आधी जाणं ही खूण आम्ही लांबून ओळखतो. मूल तान्हं असताना दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलं की असं होतं. तुम्ही कामावर असताना शेजारची मावशी किंवा आजी त्याला साखर घातलेलं दूध देऊन निजवत असणार, आणि तेही प्रेमाने. हे त्या डॉक्टरांनी विचारायला हवं होतं.

आता खर्चाचं. वरचे समोरचे दुधाचे दात तो सहा ते आठ वर्षांचा होईल तेव्हा पडतील. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. म्हणजे जी दाढ आज दुखतेय तिच्यावर त्याला अजून पाच-सहा वर्षं जेवायचं आहे. दाढ दुखणारं मूल एका बाजूने चावतं, नंतर चावायचं टाळतं, भातावर भागवतं, रात्री उठून रडतं आणि दुसऱ्या दिवशी बालवाडीत पेंगतं. दुधाच्या दाढांच्या मागे सहाव्या वर्षी एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आया तिला दुधाचीच समजतात. ती कायमची आहे. ती दिसली की लगेच दाखवा.

उपचार प्रत्येक वेळी ड्रिल लावूनच करायचा असतो असं नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध आहे. ते किडीवर ब्रशने लावलं की कीड बहुतेक वेळा थांबते. सुई नाही, मशीनचा आवाज नाही. किडलेला भाग काळा दिसतो एवढाच तोटा, आणि तुमच्या मुलाचे ते दात तसेही काळेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दुखणाऱ्या दाढेला मात्र ते पुरेलच असं नाही. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली असेल तर वेगळा उपचार लागतो. मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

आणखी एक. तुमच्या पगाराची पावती काढून बघा. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर कंत्राटदाराने ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे कापून भरायचे असतात. कापत असेल आणि कार्ड नंबर दिला नसेल तर मागून घ्या. त्या कार्डावर तुमच्याबरोबर मुलाचाही इलाज होतो, दातांचासुद्धा. तुमच्यासारख्या कितीतरी जणींना हे ठाऊकच नसतं.

घरी रात्री झोपताना तुम्ही स्वतः त्याचे दात घासा. ट्यूबच्या मागे फ्लोराइड 1000 पीपीएमच्या आसपास लिहिलेलं बघा, लाल मंजनात ते सहसा नसतं. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या. मुंबईचं पाणी तलावांचं आहे, त्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं, म्हणून पेस्टमधलंच कामी येतं. घासून झाल्यावर नुसतं थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको. पेस्टचा अंश दातांवर राहिला तर चांगलंच. नळ पहाटे तासभर येतो आणि रात्री बादलीच्या तळाशी पाणी उरतं, अशा घरात हे जमण्यासारखं आहे. वाटीभर पाणी पुरतं.

गोड बंद करा असं मी सांगणार नाही, तुम्ही घरी नसता. बिस्किट जेवणाला लागूनच द्या, मधल्या वेळेला शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवून जा, एवढं मावशींना सांगा.

"रात्री दाढ ठणकली तर लवंग चालते का? आमच्याकडे अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवतात."

लवंग चालते, रात्र निघते. गोळी गालात दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. पांढरी सोललेली हिरडी घेऊन आलेले लोक मी दर महिन्याला बघते. आणि मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घेऊन दुखणं दाबू नका. आतली नस सडायला लागली असेल तर गोळी तिथवर पोचत नाही.

"अंधेरीत एका सोसायटीत वॉचमन आहे, बारा तासांची रात्रपाळी. झोप लागू नये म्हणून सुपारी-तंबाखू मळून खातो, सात वर्षं झाली. वर्षभर तिखट झोंबतंय. आता तोंड पूर्ण उघडत नाही, वडापाव दाबून चपटा करून खावा लागतो. हे गोळीने बरं होईल का?"

दादा, ही आठवड्यात दाखवायची गोष्ट आहे, पुढच्या पगाराची वाट बघू नका. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. निरोगी तोंडात साधारण जातात. तुमच्या पत्रावरून दोनच जात असावीत.

सुपारीमुळे गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू ताठ होते, आत दोऱ्यासारखे पट्टे बनतात. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. लोकांना वाटतं दोष तंबाखूचा आणि सुपारी निरुपद्रवी; पूजेच्या तबकात असते ना! पण या आजाराचं मुख्य कारण सुपारीच आहे, आणि नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. म्हणून टपरीवर सुपारीची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या घेऊन तळहातावर मिसळतात. तोंडाला त्यात काही फरक कळत नाही.

ताठ झालेला गाल गोळीने पूर्ववत होत नाही. आज सुपारी थांबवली तर पुढचं ताठरणं मंदावतं. व्यायाम, इंजेक्शनं यांनी थोडं उघडतं, फार आवळलं तर शस्त्रक्रिया. त्याहून महत्त्वाचं, यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो, म्हणून तपासणी कायम चालू ठेवावी लागते. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला तर त्याच दिवशी दंत महाविद्यालय गाठा. सोडण्यासाठी मदतीचा नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, 1800-11-2356, फोन फुकट आहे. हाताला काहीतरी लागतंच, तर भाजलेले चणे ठेवा. मुखवास घेताना वाचून घ्या, पुष्कळांत सुपारी असते.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी हे सदर वाचलं तर त्यांनाही एक विचारते. गेटवर "येथे थुंकू नये" ही पाटी लावलीत. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठच्या तीन कधी लावणार? चेहऱ्यावर झोप घेऊन उभा असलेला माणूस पुडी का फोडतो, ते उत्तर पाटीच्या पलीकडे आहे.

"वय 23, विक्रोळीला राहते. लहानपणी सार्वजनिक नळावर घसरून पडले, समोरचा दात अर्धा तुटला. आता काळा पडलाय. बोलताना हात तोंडावर जातो. रिसेप्शनिस्टच्या दोन मुलाखतींत शेवटपर्यंत गेले आणि नकार. स्टेशनबाहेर एक माणूस वीस मिनिटांत दात चिकटवून देतो म्हणतो. करू का?"

नको. तो जे लावतो ते लगेच घट्ट होणारं प्लॅस्टिक असतं, शेजारच्या चांगल्या दातांना आणि हिरडीला चिकटवून टाकतात. खाली अन्न अडकतं, हिरडी सडते, आणि वर्षा-दोन वर्षांत एकाऐवजी तीन दात हलू लागतात. ते खरवडून काढताना किती वास येतो, हे माझ्या नर्सला विचारा.

काळा पडलेला म्हणजे बहुधा आतली नस मेलेली आहे. एक्स-रे, रूट कॅनाल, मग कॅप. दंत महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे करतात, खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त. नोकरी लागायच्या आधीच करून घे, आत्ता तुला खाडा पडत नाही.

आमच्या शास्त्रात चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. दातांमुळे बोलायला अडलं का, चव गेली का, जेवण अर्धवट सोडलं का, लाज वाटली का, चिडचिड झाली का, नेहमीचं काम जमेना का, असे प्रश्न. दात किती किडले हे त्यात कुठेच नाही. तुझा तर एकच दात तुटलाय, आमच्या केसपेपरवर ती एक ओळ होते. तुझ्या पत्रात मात्र त्या चौदांपैकी काही प्रश्नांची उत्तरं आली आहेत.

"लालबागला राहते. सासरे 76 वर्षांचे, गिरणीत होते. तोंडात एकही दात नाही. सात-आठ वर्षांपूर्वी कवळी केली, ती डबीत पडून असते. चपाती चहात बुडवून खातात. लग्नाकार्याला येत नाहीत, पंगतीत बसावं लागेल म्हणून. म्हणतात, आता किती दिवस राहिले. हा हट्टीपणा कसा घालवायचा?"

वहिनी, हट्ट असेल, पण कवळीही बसत नसणार. दात गेले की खालचं हाड दर वर्षी थोडं थोडं झिजत राहतं. आठ वर्षांपूर्वीच्या मापाची कवळी आज हिरडीवर हलते, टोचते, बोलताना खटखटते. चार माणसांत ती सुटून पडेल ही भीती पंगतीपेक्षा मोठी असते. कोरडी ठेवल्याने तिचा आकारही बदलतो. ती पाण्यात ठेवायची असते.

त्यांना एकदा विचारा, दात कधी काढले. या भागातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांकडून मी एकच उत्तर ऐकलंय. जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पगार बंद. तेव्हा भांडी मोडीत गेली, बायकोचं मंगळसूत्र गेलं. दुखणारी दाढ भरून घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. दुखली की काढली.

डॉक्टरांकडे न्या. आतून नवं अस्तर लावून जुनी कवळी बसते का ते आधी बघतील, नाहीतर नवी. केंद्र सरकारची 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्यात कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मिळते. शिबिरं कधी लागतात ते वॉर्डात विचारत राहा. नवी आली की पहिले पंधरा दिवस पंगतीचा आग्रह नको. एकटे बसून मऊ भात, उकडलेलं अंडं, दोन्ही बाजूंनी सारखं चावत. पेपर मोठ्याने वाचायला सांगा, जीभ सरावते. टोचलं तर घरी कानस लावू नका, डॉक्टरकडे परत जा.

जाताना ती जुनी कवळी डबीसकट घेऊन जा, तिच्या झिजेवरून आम्हाला पुष्कळ कळतं. आणि डबी तंबाखूची असेल तर तेही न लाजता सांगा. दात नसलेलं तोंडही तपासावं लागतं.