ठाणे ते ऐरोली रोज लोकलने जातो. उबुंटू लिनक्स वापरतो. पाठीवर ओझं होणार नाही असा लॅपटॉप कोणता?

वापरलेला थिंकपॅड एक्स1 कार्बन, आठवी पिढी, घ्या: वजन 1.1 किलोच्या आसपास, त्यामुळे सकाळच्या गर्दीत सॅक पोटाशी धरूनही जड वाटत नाही. लेनोव्होने 2020 मध्ये हेच मॉडेल फेडोरा (उबुंटूसारखंच दुसरं लिनक्स) टाकून विकायला काढलं होतं, म्हणून ड्रायव्हरसाठी (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) वणवण नाही. वायफाय इंटेलचं, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. आमच्या ऑफिसात अशी मशीनं मीच लावून देतो, त्या अनुभवावरून सांगतोय. रॅम मात्र बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. 8 जीबीचा स्वस्तात मिळाला तरी सोडा, 16 चाच बघा.

दुकानात जाताना उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट त्यावरून उबुंटू चालतं) न्या आणि पैसे देण्याआधी तिथेच तपासा:
- वायफाय, कॅमेरा, माइक
- झाकण बंद करून उघडल्यावर मशीन नीट जागं होतं का
- बॅटरीची मूळ आणि आत्ताची क्षमता (दुकानदार कितीही घाई करो, हे बघाच)

घरी आल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) पॉवरखाली स्लीप स्टेट ‘लिनक्स’वर ठेवा, नाहीतर बॅगेत बंद असतानाही बॅटरी उतरत राहते. ऑफिसात चार्जर दिवसभर लावलेला असेल तर टीएलपीने (लिनक्सवरचं बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवा. अट एकच: व्हिडिओ एडिटिंग किंवा जड कंपायलिंग रोजचं असेल तर हा घेऊ नका, इतक्या पातळ अंगात उष्णता लवकर साठते आणि प्रोसेसर मंदावतो.