आजीची नमाज ‘होत नाही’ हे कोण ठरवणार?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सुट्टीत परदेशी तुमच्याकडे आलेल्या सासूबाईंनी असरची (दुपारनंतरची) नमाज आटोपून सलाम फेरला, आणि तुमचा सोळा वर्षांचा मुलगा मोबाइलवरचा एका वक्त्याचा व्हिडिओ पुढे करून म्हणाला, ‘दादी, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना तुम्ही हात उचलत नाही. तुमची नमाज होतच नाही.’ त्या काही बोलल्या नाहीत. जानमाजची, नमाजच्या चटईची, घडी घातली आणि आत गेल्या. आता तुम्ही विचारताय, खरं कुणाचं मानायचं?

आधी हातांचं सांगतो. शाफई, हंबली आणि हनफी या सुन्नी धर्मशास्त्राच्या जुन्या परंपरा. शाफई आणि हंबली पद्धतीत रुकूआधी हात उचलतात, हनफी पद्धतीत फक्त सुरुवातीच्या तकबीरला, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’ म्हणताना. हा मतभेद हजार वर्षांहून जुना आहे आणि दोन्हीकडे हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचे, आधार आहेत. म्हणजे सासूबाईंची नमाज होते. व्हिडिओतल्या वक्त्याने आपल्या बाजूची हदीस सांगितली, त्यात गैर काही नाही. पण समोरच्या बाजूलाही आधार आहे हे त्याने लपवलं, आणि पोराला तिथेच फसवलं.

सुन्नी इस्लाममध्ये पोपसारखं शेवटचा शब्द असणारं पीठ नाही. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानने खिलाफत संपवली, पण त्याआधीही फिकहचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, निर्णय खलिफाच्या हाती नव्हता, तो उलेमांकडे, धर्मपंडितांकडे, होता. कैरोचं अल-अझहर विद्यापीठ, १८६६ मध्ये सुरू झालेला देवबंदचा मदरसा, यांच्या मताला वजन आहे ते विद्येमुळे. शियांची गोष्ट वेगळी. तिथे सामान्य माणूस नजफ किंवा कुमसारख्या ठिकाणच्या एखाद्या मरजाचं, म्हणजे ज्येष्ठ धर्मगुरूचं, अनुकरण करतो.

आपल्या मराठीत ‘फतवा काढला’ म्हणजे हुकूम सोडला, असा अर्थ पक्का बसलाय. तो मनातून काढा. फतवा म्हणजे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, दिलेलं उत्तर. काझीचा निवाडा बंधनकारक असतो, मुफ्तीचं मत तसं नसतं. आणि उत्तर देण्याआधी विचारणारा कोण, राहतो कुठे, त्याची अडचण काय, हे मुफ्तीने पाहायचं असतं. चौदाव्या शतकातले धर्मपंडित इब्न अल-कय्यिम यांनी तर काळ, स्थळ आणि परिस्थितीनुसार फतवा बदलतो, असं स्पष्ट लिहून ठेवलंय. लाखो अनोळखी लोकांसाठी एकदाच बोलून ठेवलेला व्हिडिओ हे कसं पाहणार?

परदेशात राहणाऱ्यांचे प्रश्नही आजचे नाहीत. १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालहून इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांना तीन प्रश्न गेले. कामधंद्यासाठी युरोपियन हॅट घातली तर चालेल का? तिथल्या ख्रिस्ती लोकांनी कापलेलं मांस खावं का? आणि शाफई माणसाने हनफी इमामामागे नमाज पढावी का? अब्दुहनी तिन्हींना होकार दिला. कैरोत त्यावरून मोठं वादळ उठलं. मला यातला तिसरा प्रश्न फार जवळचा वाटतो. दूर देशी एकाच मशिदीत वेगवेगळ्या रीतींची माणसं जमली, आणि एकमेकांच्या शेजारी उभं कसं राहायचं, हे त्यांना विचारावं लागलं. तुमच्या घरात तोच प्रश्न जानमाजवर येऊन उभा राहिलाय.

मुलाचा मोबाइल काढून घेऊ नका. तो दीन शिकायला निघालाय, ही चांगलीच गोष्ट आहे. पुढच्या जुम्याला (शुक्रवारी) त्याला घेऊन मशिदीच्या इमामांना भेटा आणि त्यालाच विचारू द्या: तुमचा मसलक (विचारपरंपरा) कोणता, आधार काय, आणि तुमच्याशी असहमत असणारे काय म्हणतात? दुसऱ्या बाजूचं म्हणणं जो नीट सांगू शकतो, त्याच्याकडे त्याला शिकू द्या. इमामांना ते जमलं नाही, तर दुसरा उस्ताद शोधा. निकाह, तलाक, वारसा, मनाचं आजारपण अशा गोष्टींत मात्र व्हिडिओवरून एकही पाऊल टाकू नका. तिथे आलिमासोबत (धर्मपंडितासोबत) तुम्ही राहता त्या देशातला वकील किंवा डॉक्टरही लागतो.

सासूबाई परत जायच्या आधी मुलाला त्यांच्याजवळ बसवा. आधी त्याने माफी मागू दे. मग एवढंच विचारू दे: ‘दादी, तुम्हाला नमाज कुणी शिकवली?’ त्या सांगतील तेवढा वेळ त्याने ऐकावं, आणि त्या वेळी तुम्हीही मध्ये बोलू नका.