हौशी संस्थेने संगीत नाटक करायचं तर जुनं करावं की नवं लिहून घ्यावं?

तुम्ही विचारलंय जुनं की नवं, पण प्रश्नाच्या शेवटी एक ओळ टाकली आहे: "साथीदार परवडत नाहीत, संगीत ट्रॅकवर घेतलं तर चालेल का?" मी लिहायला बसले ती त्या ओळीमुळे. नाही चालणार.

सांगली भागातल्या हौशी संगीत नाटकांना मी एकवीस वर्षं ऑर्गनची साथ करते. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' पुन्हा बसवलं. सुभद्रा करणारी मुलगी शाळेत शिकवायची. गळा गोड, दम थोडा कमी, पट्टी काळी चार. दुर्योधनाशी लग्न ठरल्यावर आता दाद मागायची तरी कुणाकडे, या प्रसंगात तिचं पद आहे. पदाआधीचं शेवटचं वाक्य ती रोज वेगळं बोलायची. एखाद्या दिवशी झरझर, एखाद्या दिवशी आवंढा गिळून. मी तिच्या पाठीकडे बघत असायची. खांदे जरा वर गेले की श्वास घेतला, मग मी हळूच षड्ज, म्हणजे तिचा 'सा', धरायची आणि ती त्यावर अलगद उतरायची. प्रेक्षकाला बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळायचंही नाही. माझ्या मते संगीत नाटक म्हणजे ती जागा. बाकी गाणी तर मैफलीतही होतात.

चौथ्या प्रयोगाआधी अध्यक्षांनी ठरवलं की ऑर्गन आणायच्या टेम्पोचं भाडं, तबलजीचं मानधन, हे सगळं वाचवायचं. एकदा ट्रॅक केला की कायमची सोय. ट्रॅक मीच वाजवून दिला, हे मला अजून सलतं.

त्या रात्री मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसले होते. सुभद्रेचा प्रसंग आला. मुलीला त्या दिवशी खरंच भरून आलं. वाक्य बोलून ती थांबली, थिएटर चिडीचूप. आणि लॅपटॉपवरच्या मुलाने ठरलेल्या शब्दाला बटण दाबलं. ऑर्गन वाजू लागला, माझाच. तिने मुखडा उचलला तोवर ठेका पुढे गेला होता. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली. मग सगळं पदभर ती तबल्याच्या मागे धावत होती आणि तबला काही थांबायला तयार नव्हता. पुढे कृष्णाच्या पदाला वन्स मोअर आला. तो देताच आला नाही, ट्रॅक पुढच्या प्रवेशाच्या सुरावटीवर गेला होता. मेकअप उतरवता उतरवता ती मला एवढंच म्हणाली, "ताई, आज मागे कुणी नव्हतं हो."

अध्यक्ष म्हणाले, "टाळ्या पडल्याच की! लोक जुनी पदं ऐकायला येतात, ती ऐकू आली." मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. बालगंधर्वांच्या मागे थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, ती काय शोभेला? गाणारा कधी थांबणार आणि कधी उसळणार हे त्याच्याबरोबर श्वास घेणाऱ्यालाच कळतं.

आणि "लोक जुन्या पदांसाठीच येतात" हे खरं असतं तर आज जुनं म्हणायला काही उरलंच नसतं. 'सौभद्र' 1882 साली कोरं होतं. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली घेतल्या, म्हणजे चाली लोकांच्या कानातल्या होत्या, पण सुभद्रेचं दुःख त्यांत पहिल्यांदाच आलं होतं. 1911 च्या खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांनी वेगळंच गाणं आणलं, 1964 च्या 'मत्स्यगंधा'मध्ये संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी आणखी वेगळं. 2017 ची 'संगीत देवबाभळी' तर रंगमंचावर दोनच बायका, आवली आणि रखुमाई, आणि दोघी स्वतः गातात. तिला गर्दी झाली ती कुठल्या जुन्या पदासाठी?

तेव्हा तुमचं उत्तर: आधी एक जुनं करा, कारण गद्यातून पदात कसं शिरायचं हे तिथे हाताला कळतं. पण पदं निर्दयपणे कापा. 'मानापमान'मध्ये पन्नासच्या आसपास पदं होती, तुम्हाला पंधरा पुरेत. बहुतेक संस्था पदं राखतात आणि गद्य कापतात, मग नटनटी गाणी म्हणायला रांगेत उभे असल्यासारखे दिसतात. त्यानंतर नवं घ्या. चाली घरी बसून मोबाइलवर पाठवणारा संगीतकार नको, तालमीला येऊन बसणारा हवा. नट ते वाक्य कसं बोलतो हे ऐकल्याशिवाय पुढच्या पदाचा पहिला स्वर ठरवता येत नाही.

किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची नाटकं आता हक्कमुक्त आहेत, लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटून गेली. 'कट्यार काळजात घुसली'सारखं अलीकडचं काही घेतलंत तर परवानगी काढावी लागेल. नव्या संहितेला राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते वेळेत काढा.

अध्यक्षांची बाजूही सांगायला हवी. ते स्वतःच्या खिशातून नाट्यगृहाचं भाडं भरत होते आणि हिशेब त्यांनाच जुळवायचा होता. तुमची अडचणही तीच असेल. मग ऑर्गनचा हट्ट सोडा. एक पेटीवाला आणि एक तबलजी एवढ्यावर उत्तम नाटक होतं. नेपथ्यातला एक महाल कमी करा, पण त्या दोघांना पहिल्या तालमीपासून बसवा. आमच्याकडे ते शेवटच्या आठवड्यात यायचे, तेही चुकीचंच होतं.

ती मुलगी आता नाटकात काम करत नाही.