पुरवठा सारखा विस्कळीत होत असेल, तर सगळ्याच मालाचा साठा वाढवावा का?
सरसकट नको. पैसा भलत्याच मालात अडकतो आणि नेमका हवा तो संपलेला असतो. आधी ग्राहक बघा: माल नसेल तर कोणाचं काम त्याच दिवशी बंद पडतं, आणि कोण आठवडाभर थांबू शकतं? राखीव साठा पहिल्यांसाठी.

तो किती, इथेच बहुतेक जण चुकतात. ते फक्त मागणीतला चढउतार धरतात. समजा, रोजची मागणी सरासरी ४० नग, प्रमाण विचलन (मागणी सरासरीपासून साधारण किती वरखाली होते ते) १० आणि माल यायला १६ दिवस. माल संपणार नाही याच्या ९५ टक्के खात्रीसाठी (तिचा ठरलेला गुणक १.६५) १.६५ × १० × √१६ = ६६ नग. पण माल येण्याच्या दिवसांतही ५ दिवसांचं विचलन असेल, तर १.६५ × √(१६×१०² + ४०²×५²), म्हणजे सुमारे ३३७ नग! तेच विचलन २ दिवसांवर आणलंत तर १४८ पुरतात. म्हणूनच थोडा महाग, पण तारीख पाळणारा पुरवठादार परवडतो.

दुसरा पुरवठादार नुसता यादीत ठेवून भागत नाही. त्याला एरवीही २०-३० टक्के काम द्या, नाहीतर टंचाईत तो आधी जुन्या गिऱ्हाइकांकडे बघणार. दोघांचा कच्चा माल एकाच वाटेने येतो का, तेही विचारा. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालवा एका जहाजामुळे ६ दिवस बंद होता. त्या वाटेवरचे सगळेच अडकले.

रंग, लेबल, पॅकिंग मात्र ऑर्डर आल्यावरच करा. एकच अर्धतयार नग मग कुठल्याही ऑर्डरला चालतो.