अक्कांना विचारा : कार्डावरचं वचन आणि त्याच्या आधीचं वचन

प्रश्न : अक्का, सलाम. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला वचनाचं कार्ड मिळालं, बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं, २९:११. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते वचन. मी ते कपाटाच्या आरशाला चिकटवलं. मे महिन्यात आमचे दोन्ही माग विकावे लागले. यजमान आता दुसऱ्याच्या मागावर रात्रपाळी करतात. मी गुडघे टेकते, पण शब्दच येत नाहीत. मग डोळे मिटून बायबल उघडते आणि बोट पडेल ते त्या दिवसाचं वचन धरते. परवा बोट पडलं ते १ इतिहासातल्या नावांच्या यादीवर. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, वडगाव, बेळगाव

उत्तर : नावांच्या यादीचं वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. बायबल म्हणजे पोपटवाल्याची पाकिटं नव्हेत गं.

आधी कार्डाचं बघू. ती ओळ एका पत्रातली आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजानं, नबुखद्नेस्सरानं, यरुशलेमेतून लोक धरून बाबेलास नेले. मागं राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्यानं त्यांना ते पत्र धाडलं. त्याच्या आधीचा, २८वा अध्याय वाच. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयाही म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. पण पत्रात आकडा आहे ७० वर्षांचा, आणि तो दहाव्या वचनात आहे, तुझ्या कार्डावरच्या ओळीच्या अगदी आधी. कार्ड छापणारे दहावं वचन का गाळतात ते मला विचारू नकोस. नव्या वर्षाला ते घरी कोण नेईल?

एवढ्या वर्षांत करायचं काय, तेही पत्रात आहे. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे बाबेलसाठी! ज्यांनी घरातून ओढून नेलं त्यांच्या गावासाठी. तेव्हा माग गेले म्हणून वचन खोटं ठरलं, असं नाही. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांनाच ते लिहिलेलं होतं. माग परत मिळतील असं मात्र त्यात कुठं नाही आणि मीही तसं सांगणार नाही. कुणी प्रार्थनेचे पैसे घेऊन तसं सांगत असेल तर त्याला चहासुद्धा न देता दारातूनच वाटेला लाव.

आता शब्द येत नाहीत त्याचं. त्याच पुस्तकाचा ३२वा अध्याय काढ. यरुशलेमेला खास्दी, म्हणजे बाबेलच्याच लोकांचा वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैद आहे, आणि अशात देव त्याला चुलतभावाचं अनाथोथमधलं शेत विकत घ्यायला लावतो. शत्रूच्या घशात चाललेली जमीन! तो घेतो. १७ शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार घालतो, खरेदीखतावर मोहर करतो आणि ते मडक्यात नीट ठेवायला सांगतो. हे सगळं उरकल्यावर मग प्रार्थनेला लागतो. आधी देवाची थोरवी, मग मिसरातून लोकांना बाहेर काढल्याची आठवण, आणि शेवटी मनात खदखदत होतं ते : नगर तर खास्द्यांच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घे म्हणतोस! एवढं बोलल्यावरही देवानं त्याला अविश्वासी म्हटलेलं नाही. मला काही अवघड आहे का, असं विचारलं आणि पुढं सविस्तर उत्तर दिलं.

यजमान पाळीला गेले की या अध्यायातली १६ ते २५ वचनं मोठ्यानं वाच. तुझे शब्द येईपर्यंत त्याचेच वापर. शेत म्हटलंय तिथं माग म्हण. आणि बोट ठेवायचं सोडून २८ ते ३२ हे पाच अध्याय ओळीनं घे, खूण घालून, रोज झेपेल तेवढे. एखाद्या रात्री तेही होणार नाही. त्या रात्रीसाठी रोमकरांस ८:२६ आहे. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं पौलच लिहितो. नुसती बसून राहा.

हो, आणि बँकेचा हप्ता थकला असेल तर जाऊन साहेबांशी बोल. यिर्मयानंही कागदपत्रं आधी केली होती.

प्रश्न : माझी सून गोकाककडची. ती कन्नड बायबल वाचते, मी मराठी. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत कुणाचं वाचायचं?
– एक सासूबाई, खानापूर

उत्तर : दोघींचं. स्तोत्रसंहितेला तिच्याकडे कीर्तनेगळु म्हणतात, पण अध्यायांचे आकडे तेच. एक वचन तुम्ही वाचा, पुढचं तिनं. सुरुवातीला १३३वं स्तोत्र घ्या, तीनच वचनांचं आहे, भावाभावांनी एकोप्यानं राहण्याचं. आपल्या भागात ते दोन्ही भाषांत वाचलेलं बरंच. प्रार्थना तिला कन्नडमध्येच करू द्या, मध्येच मराठीत बोल म्हणू नका. नातू शाळेत कन्नड आणि घरी मराठी बोलत असेल तर त्यालाही शेजारी बसवा. दोघींनी चुकीचं वाचलेलं तोच पकडेल.