फ्लॅग काढला तरी ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ येतंच आहे?

नव्या लॅपटॉपवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरवर सुरू होताच ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न कळणारी आज्ञा) म्हणून पडतो, आणि मेकफाइलमधलं (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीतलं) ‘मार्च=नेटिव्ह’ (बांधणाऱ्या मशीनच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन वापर, असं कंपायलरला सांगणारा फ्लॅग) काढून ‘एमट्यून=कोअर२’ घातलं तरी तेच, असं तुम्ही लिहिलंय.

एमट्यूनने काही साधणार नाही. तो फक्त कोड त्या प्रोसेसरला सोयीचा पडेल असा रचतो. कुठल्या इन्स्ट्रक्शन वापरायच्या याची परवानगी मार्च देतो. (मार्च म्हणजे मशीन आर्किटेक्चर. मार्चएंडिंगशी संबंध नाही, डोकेदुखी मात्र तेवढीच.)

नेटिव्ह काढूनही पडतोय म्हणजे माझा पहिला संशय शिळ्या ऑब्जेक्ट फाइलींवर (आधीच कंपाइल होऊन पडलेल्या तुकड्यांवर). बिल्ड चालवणारं मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं, फ्लॅग बदलल्याचा त्याला पत्ता नसतो. ‘मेक क्लीन’ करून सगळं पुन्हा बांधा.

तरीही पडला, तर जुन्या मशीनवर जीडीबी या डीबगरमध्ये चालवा आणि पडल्या जागेची इन्स्ट्रक्शन छापून बघा. नाव ‘व्ही’ने सुरू होत असेल तर बहुधा एव्हीएक्स (एका वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा संच), ते इंटेलकडे २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांपासून आलं. ‘पॉपसीएनटी’ (आकड्यातले १ असलेले बिट मोजणारी) असेल तर तेही नेहालेम या प्रोसेसर पिढीपासूनचं, कोअर २ मध्ये नाही. मग बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे आलो त्याची यादी) काढा. पुष्कळदा दोषी तुमचा कोड नसतोच, सोबत स्टॅटिक लिंक केलेली (प्रोग्रॅममध्येच मिसळलेली) लायब्ररी असते. ओपनब्लास ही गणिती लायब्ररी, ते घरी बांधलं की ते मुळातच बांधणाऱ्या मशीनच्या मापाचं होतं. ‘डायनॅमिक आर्च’ चालू करून बांधलं तरच चालताना प्रोसेसर बघून निवड करतं.

सी प्लस प्लसमध्ये आणखी एक खोडी आहे. एकच फाइल एव्हीएक्स२ लावून कंपाइल केली आणि तिच्यात हेडरमधलं एखादं टेम्प्लेट फंक्शन आलं, तर तुकडे जोडणारा लिंकर त्याच्या (वेगवेगळ्या फाइलींतून आलेल्या) अनेक प्रतींतली एकच ठेवतो. नेमकी एव्हीएक्सवाली राहिली की संपलं. प्रोसेसर तपासणारा तुमचा ‘इफ’ जागेवर असतो, पण ते फंक्शन भलत्याच ठिकाणाहून बोलावलं जातं.

आता जे करू नका ते सांगतो, कारण मी केलंय. ‘मार्च=हॅसवेल’ (सँडी ब्रिजनंतरची इंटेल पिढी) तसंच ठेवून जी इन्स्ट्रक्शन अडेल तिला बंद करणारा एकेक ‘एमनो’ फ्लॅग चिकटवत गेलो. पडणं थांबलं. उत्तरं चुकायला लागली. दोन दिवस मी स्वतःच्याच कोडमध्ये बग शोधत होतो! झालं होतं असं: ‘एलझेडसीएनटी’ ही इन्स्ट्रक्शन म्हणजे जुन्या ‘बीएसआर’च्याच बाइट्सआधी एफ३ हा प्रीफिक्स. जुना प्रोसेसर तो प्रीफिक्स दुर्लक्षून मुकाट बीएसआर चालवतो. एलझेडसीएनटी सांगते डावीकडची शून्यं किती, बीएसआर सांगते सर्वांत वरचा १ कितव्या जागी. ३२ बिटांत १ या आकड्याला ३१ यायला हवं, येतं ०. कसलीही एरर नाही.

म्हणून उलटीकडून जा. ‘मार्च=कोअर२’ किंवा थेट ‘एक्स८६-६४’ (या जातीच्या सगळ्या ६४-बिट प्रोसेसरांना चालणारा किमान संच) द्या. जीसीसी कंपायलरच्या ११ व्या आवृत्तीपासून मिळणारा ‘एक्स८६-६४-व्ही२’ स्तर कोअर २ ला चालणार नाही, त्यात एसएसई ४.२ हा इन्स्ट्रक्शनचा संच लागतो आणि तो कोअर २ मध्ये नाही. आणि जुन्या मशीनपर्यंत जाण्याआधी लॅपटॉपवरच क्यूएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) ‘सीपीयू’ला ‘कोअर२ड्युओ’ देऊन प्रोग्रॅम चालवा. एव्हीएक्सवर तिथेच पडेल, आणि एलझेडसीएनटीची चूकही तशीच दिसेल.

बॅकट्रेस आला की टाका, बघू.